जिवंत की मृत, एवढ्यानं भागत नाही: ट्रोग्लिटाझोन आणि चिपवरचं यकृत

ट्रोग्लिटाझोनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जानेवारी १९९७ मध्ये परवानगी दिली आणि मार्च २००० मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं. 'रेझुलिन' या नावानं विकलं जाणारं हे टाइप-२ मधुमेहाचं औषध. आपल्याकडे अनेक घरांत औषधांच्या डब्यात पायोग्लिटाझोनची गोळी असते. त्याच गटातलं बाजारात आलेलं पहिलं औषध म्हणजे ट्रोग्लिटाझोन. यकृत निकामी होऊन रुग्ण दगावल्याच्या, काहींना यकृत बदलावं लागल्याच्या नोंदी येऊ लागल्या आणि ब्रिटननं डिसेंबर १९९७ मध्येच, औषध तिथे आल्यावर काही आठवड्यांत, ते थांबवलं. अमेरिकेत मात्र यकृताच्या तपासण्या वाढवा, माहितीपत्रक बदला, इशारा ठळक करा, असं करत आणखी दोन वर्षं गेली. मधल्या काळात, जून १९९८ मध्ये, मधुमेह टाळण्यासाठी चाललेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासातली ट्रोग्लिटाझोनची शाखा बंद करावी लागली, कारण त्यात सहभागी झालेली एक व्यक्ती यकृत निकामी होऊन गेली. पुढे रोसिग्लिटाझोन आणि पायोग्लिटाझोन हे तुलनेनं सुरक्षित पर्याय हाताशी आले, तेव्हा कुठे पडदा पडला.

हे औषध प्रयोगशाळेत यकृतपेशींवर तपासलं गेलं नव्हतं असं नाही. पेशींवरच्या नेहमीच्या चाचण्यांत एका मर्यादेच्या खालच्या मात्रा निर्धोक दिसत होत्या. प्राण्यांवरच्या अभ्यासांतूनही माणसात पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना आली नव्हती. मग २०१६ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या याकोव्ह नाहमियास यांच्या गटानं, डॅनी बावली यांच्या पहिल्या नावानं, एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यकृतपेशींचे त्रिमितीय गोळे एका छोट्या उपकरणात, म्हणजे चिपवर, महिन्याहून अधिक काळ जगवले, त्यांचा ऑक्सिजन, ग्लुकोज आणि लॅक्टेट सतत मोजले, आणि दाखवलं की आधी निर्धोक मानलेल्या मात्रांनाही ट्रोग्लिटाझोन पेशींचा ऊर्जाव्यवहार हलवतं. पेशी मरत नाहीत, पण त्यांची कमाई दुसऱ्याच मार्गानं होऊ लागते.

याच प्रयोगाचा इथे विचार करायचा आहे. त्यातला निष्कर्ष सहज सांगता येतो. तो ज्या मोजणीवर उभा आहे ती कशी होते, किती भरवशाची आहे आणि कुठे फसवू शकते, हे समजायला मात्र थोडं खोलात जावं लागतं.

जुनी चाचणी काय पाहत होती

हेपजी-२ ही यकृताच्या अर्बुदातून निघालेली पेशीमालिका, एका १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतून आलेली. जगभरच्या प्रयोगशाळांत ती वापरतात, कारण ती स्वस्त आहे, भराभर वाढते आणि दरवेळी साधारण सारखी वागते. प्लास्टिकच्या थाळीतल्या खळग्यांत या पेशींचा एक थर वाढवायचा, औषधाच्या चढत्या मात्रा घालायच्या, २४ किंवा ४८ तास थांबायचं आणि शेवटी एखादं रंगद्रव्य घालून किती पेशी जिवंत आहेत ते मोजायचं. नेहमीची चाचणी ती हीच. उत्तर म्हणून एक आकडा हाती येतो: निम्म्या पेशी कुठल्या मात्रेला मेल्या.

यात गोम अशी की या पेशींना साखरेची चटक असते. माध्यमात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, ग्लुकोज भरपूर असेल तर त्या ग्लायकोलिसिसवरच, म्हणजे ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून लॅक्टेट करण्याच्या वाटेवरच, बऱ्यापैकी भागवतात. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतले ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे कण, बंद पडले तरी त्या लगेच मरत नाहीत. शेजाऱ्यांच्या खिडकीत दिवा दिसतो म्हणून त्यांची लाइट गेलेली नाही असं आपण म्हणावं, आणि आत इन्व्हर्टर चालू असावा, तसा हा प्रकार. २००७ मध्ये संशोधकांनी हे फार साध्या युक्तीनं दाखवून दिलं. माध्यमातलं ग्लुकोज काढून त्या जागी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर घातली. गॅलॅक्टोजवर ग्लायकोलिसिसची कमाई भागत नाही, त्यामुळे पेशींना मायटोकाँड्रियावर विसंबावंच लागतं. तसं केल्यावर मायटोकाँड्रियाला मारक असलेली औषधं याच पेशींत एकदम विषारी दिसू लागली.

गॅलॅक्टोजची युक्ती उपयोगी आहे, पण ती पेशीला कोपऱ्यात गाठते आणि उत्तर पुन्हा जगली की मेली एवढंच देते. जेरुसलेमच्या गटानं पेशीला तिचा पर्यायी मार्ग मोकळा ठेवला आणि ती त्या मार्गाला कधी लागते यावर पाळत ठेवली. माझ्या मते या प्रकरणाचं खरं मर्म इथे आहे. चिप, पंप, झडपा हे सगळं त्या पाळतीच्या सोयीसाठी आहे.

पाळत ठेवणारा सेन्सर

ग्लुकोज मोजणाऱ्या सूक्ष्म सेन्सरचा आडवा छेद घेतला तर तळाशी काच किंवा पॉलिमर, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर, त्यावर पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचा थर आणि त्या जेलमध्ये अडकवलेलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम). वरून आणखी एक पडदा, ग्लुकोजला जरा अडवून हळूहळू आत सोडणारा. बाजूला चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड.

ग्लुकोजचा रेणू पडद्यातून झिरपत विकरापाशी येतो. विकर ऑक्सिजन वापरून त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. प्लॅटिनमवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास विद्युतदाब ठेवलेला असतो. त्याला पेरॉक्साइडचा रेणू भिडला की तो फुटतो, दोन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजन परत करतो. या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजायचा. जितकं ग्लुकोज, तितका प्रवाह. लॅक्टेटसाठी विकर बदलायचं, लॅक्टेट ऑक्सिडेज घ्यायचं. बाकी सगळं तेच.

या कल्पनेचं मूळ १९६२ मधलं. अमेरिकी संशोधक लेलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड बनवला होता. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर चढवून साखर मोजता येईल, हे त्यांनी आणि लायन्स यांनी मांडलं. दंडाला चिकटवून साखर सतत मोजणारी जी उपकरणं आज मधुमेही वापरतात, ती याच वंशातली. फरक इतकाच की दंडावरच्या सेन्सरला एका माणसाची साखर मोजायची असते आणि चिपवरच्या सेन्सरला काही हजार पेशींनी थेंबभर पाण्यात केलेला फरक.

वरच्या अडवणाऱ्या पडद्याची गरज नवशिक्याच्या लक्षात पटकन येत नाही. ३७ अंशांना हवेशी समतोल साधलेल्या माध्यमात ऑक्सिजन लिटरला साधारण ०.२ मिलिमोल असतो. ग्लुकोज मात्र ५.५ पासून २५ मिलिमोलपर्यंत असू शकतं. विकराला दोन्ही लागतात. पडदा नसेल तर ग्लुकोज उदंड आणि ऑक्सिजन तोकडा, म्हणजे सेन्सर ग्लुकोजच्या नावाखाली ऑक्सिजन मोजत बसेल. यकृतपेशी ऑक्सिजन खूप खातात. त्यांच्या जवळ असा सेन्सर ठेवला आणि ऑक्सिजन खाली गेला, तर संगणकावर 'ग्लुकोज घटलं' असं दिसेल. नेमका जो बदल आपण शोधतोय, त्याचीच ही नक्कल.

दुसरा घोळ औषधांचा. अर्ध्या व्होल्टला प्लॅटिनमवर पेरॉक्साइड एकटंच फुटत नाही, व्हिटॅमिन सी फुटतं, पॅरासिटामॉलही फुटतं. पॅरासिटामॉल हे यकृताच्या विषारीपणाच्या अभ्यासातलं सगळ्यात आवडतं औषध, हा योगायोग बघा. ते घालताच ग्लुकोजचा प्रवाह उसळतो आणि पेशींनी काहीही केलेलं नसतं. म्हणून शेजारी विकर नसलेला, बाकी हुबेहूब तसाच इलेक्ट्रोड ठेवतात आणि त्याचा प्रवाह वजा करतात. असा कोरा इलेक्ट्रोड नसलेल्या मांडणीतून आलेल्या आलेखाकडे मी तरी जपूनच बघतो.

झडपांचा फिरता क्रम

विकराचे सेन्सर थकतात. जेलमधलं विकर दिवसागणिक मंदावतं, प्रथिनं पडद्यावर बसतात, संदर्भ इलेक्ट्रोड सरकतो. महिनाभर चालणाऱ्या प्रयोगात सुरुवातीला एकदा कॅलिब्रेशन करून, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी सेन्सर ताडून, सोडून दिलं तर तिसऱ्या आठवड्यातला उतार पेशींचा की सेन्सरचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

जेरुसलेमच्या गटानं यासाठी संगणकावर चालणारी झडपांची मांडणी केली. पेशींच्या कोठडीतून बाहेर पडणारं माध्यम आणि ज्ञात प्रमाणाची द्रावणं आळीपाळीनं सेन्सरवर सोडता येतील अशी ती व्यवस्था. अशा मांडणीचा कच्चा आलेख पायऱ्यांसारखा दिसतो. द्रावण आलं की प्रवाह चढतो, काही वेळानं सपाट होतो, झडप फिरते, नमुना येतो, वेगळी सपाटी, पुन्हा झडप. आपल्याला हवी असते ती सपाटी. चढता भाग टाकून द्यायचा. मधूनच एखादा सुळका वर जातो आणि खाली येतो, तो बहुधा हवेचा बुडबुडा. सूक्ष्मनलिकांचं काम केलेल्या कोणालाही विचारा, बुडबुड्यांइतकं वैतागवाणं दुसरं काही नाही.

सेन्सर पेशींच्या कोठडीबाहेर ठेवल्यानं तो पुन्हापुन्हा तपासता येतो, बदलताही येतो. त्याची किंमतही मोजावी लागते. कोठडीपासून सेन्सरपर्यंतच्या नळीत जे माध्यम आहे ते जुनं असतं, आणि पेशींत झालेला बदल उशिरा आणि थोडा पसरट होऊन दिसतो. शिवाय बाहेर येतो तो सगळ्या गोळ्यांचा मिळून एक आकडा.

ऑक्सिजन वेगळ्या वाटेनं का

ऑक्सिजन मात्र या प्रयोगात विद्युतरासायनिक पद्धतीनं मोजलेला नाही. तो प्रकाशानं मोजला. ऑक्सिजनच्या सान्निध्यात ज्यांची स्फुरदीप्ती मंदावते असे सूक्ष्म मणी पेशींच्या गोळ्यांमध्येच रुजवले, आणि त्यांच्यावर दोन वारंवारतांनी स्पंदणारा प्रकाश टाकून परतणाऱ्या प्रकाशाची कला (फेज), म्हणजे त्याचं स्पंदन किती मागे पडतं ते, मोजली. दोन वारंवारता घेतल्यानं आजूबाजूचा चमकता पसारा हिशोबातून वजा होतो.

हा निर्णय मला समंजस वाटतो. क्लार्कच्या पद्धतीचा इलेक्ट्रोड ऑक्सिजन मोजताना तो खातो. एका रेणूमागे चार इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. मोठ्या भांड्यात हे जाणवत नाही. पण काही सूक्ष्मलिटरच्या कोठडीत, आधीच ऑक्सिजनला आसुसलेल्या ऊतीला खेटून असा इलेक्ट्रोड ठेवला तर तो स्वतःच एक भुकेली पेशी होऊन बसतो. टोक फार बारीक केलं तर ही खादाडी नगण्य होते, आणि हे काम चाळीस वर्षांपूर्वीच झालेलं आहे. १९८२ मध्ये वोल्फगँग म्युलर-क्लीझर आणि रॉबर्ट सदरलँड यांनी उंदराच्या आणि चिनी हॅमस्टरच्या पेशींच्या गोळ्यांमध्ये सुईसारखे सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसून ऑक्सिजनचा दाब मोजला. सुई बाहेरून आत सरकवत नेली तसा दाब उतरत गेला, हे अपेक्षितच होतं. पण उतरण गोळ्याच्या पृष्ठभागापाशी सुरू होत नव्हती. ती बाहेरच्या माध्यमातच सुरू झालेली होती, कारण गोळ्याभोवती न ढवळलेल्या द्रवाचा एक थर असतो आणि पेशी त्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतात.

या एका निरीक्षणावरून त्रिमितीय संवर्धनाचं अर्ध मर्म कळतं. थाळीवरच्या एका थरातल्या सगळ्या पेशींना साधारण सारखंच मिळतं. गोळ्यातल्या पेशींना त्या किती आत आहेत त्याप्रमाणे मिळतं, आणि शंभर ते दोनशे मायक्रोमीटर आत गेल्यावर ऑक्सिजन जवळपास संपलेला असू शकतो. यकृतात हा चढउतार नैसर्गिक आहे: प्रवेशशिरेकडच्या पेशींना जास्त, मध्यशिरेकडच्या पेशींना जवळपास निम्मा. म्हणून गोळ्याचं वागणं थराच्या वागण्यापेक्षा यकृताला जवळचं. म्हणूनच, त्यातला ऑक्सिजन कुठे मोजला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मणी आत रुजवल्यानं हा प्रश्न बराचसा सुटतो. सुईनं जो एकेका मायक्रोमीटरचा नकाशा मिळतो तो मात्र मिळत नाही.

तीन आकड्यांचा मेळ

आता हिशोब. एक ग्लुकोज ग्लायकोलिसिसनं मोडलं तर दोन लॅक्टेट आणि दोन एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेचं चलन असलेले रेणू, मिळतात. तेच ग्लुकोज मायटोकाँड्रियात पूर्ण जळलं तर सहा ऑक्सिजन खर्च होऊन तीसच्या आसपास एटीपी मिळतात. म्हणजे ढोबळमानानं एका ऑक्सिजनमागे पाच एटीपी, आणि एका लॅक्टेटमागे एक.

समजा औषधानं मायटोकाँड्रियाचं काम थोडं अडवलं आणि ऑक्सिजनचा एक रेणू कमी वापरला गेला. पाच एटीपीची तूट. ती ग्लायकोलिसिसनं भरून काढायची तर पाच लॅक्टेट जास्तीचे बाहेर पडणार. ऑक्सिजनच्या बाजूचा लहानसा खड्डा लॅक्टेटच्या बाजूला पाचपट उंचवटा होऊन दिसतो. त्यातही लॅक्टेटचा पाया खालचा असतो. ताज्या माध्यमात ते जवळपास नसतं, सीरम घातलं असेल तर त्यातून आलेलं थोडंसं असतं. म्हणून वाढ उठून दिसते.

ग्लुकोजचं उलट आहे. कल्पना करा की आत जाणाऱ्या माध्यमात ११ मिलिमोल ग्लुकोज आहे आणि बाहेर येताना १०.४. पेशींनी वापरलं ०.६. आता सेन्सरची चूक प्रत्येक मोजणीला एक टक्का धरली, म्हणजे सेन्सर उत्तमच म्हणायचा, तरी दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत ०.१५ च्या आसपास अनिश्चितता उरते. लॅक्टेट १.० वाढलं असेल तर लॅक्टेट आणि ग्लुकोजचं गुणोत्तर १.६७ येईल, पण अनिश्चितता धरली तर ते १.३ ते २.२ यांत कुठेही असू शकतं. आणि २ ही तर सीमारेषा आहे. गुणोत्तर दोनच्या खाली असेल तर काही ग्लुकोज मायटोकाँड्रियात किंवा इतरत्र जातंय. दोनच्या वर गेलं तर ग्लुकोजखेरीज दुसऱ्या कशातून, बहुधा माध्यमातल्या ग्लुटामीन या अमिनो आम्लातून, लॅक्टेट येतंय. जैविक अर्थ ज्या रेषेवर पालटतो, तिच्या दोन्ही बाजूंना चूक पसरलेली.

प्रवाह मंद केला तर पेशींना माध्यम बदलायला जास्त वेळ मिळतो, फरक मोठा होतो आणि वजाबाकी सुधारते. पण मग नळीतला उशीर वाढतो, ऑक्सिजनचा पुरवठा घटतो, आणि तासांत घडणारी गोष्ट सपाट होऊन जाते. प्रवाहाचा वेग हा अशा प्रयोगातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, आणि शोधनिबंधांत तो पद्धतींच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेला असतो.

सतत मोजणीनं यातून एक सुटका मिळते. निरपेक्ष आकडा चुकला तरी त्याच सेन्सरवर, त्याच गोळ्यांवर, औषधाआधी आणि औषधानंतर झालेला बदल बराच भरवशाचा असतो. शेवटी एकदाच मोजणाऱ्या चाचणीला ही मुभा नाही. तिथे औषध दिलेला खळगा आणि न दिलेला खळगा यांची तुलना होते, आणि दोन खळग्यांत पेशींची संख्या सारखी होती यावर विश्वास ठेवावा लागतो.

काय दिसलं

गटानं आधी रोटेनोन घेतलं. रोटेनोन मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीचा पहिला दुवा अडवतं, हे जगजाहीर आहे. उत्तर माहीत असलेलं उदाहरण आधी सोडवून पाहिलं, हे योग्यच झालं. मग ट्रोग्लिटाझोन. निर्धोक गणल्या गेलेल्या मात्रांवर पेशी जिवंत असताना त्यांचा कल ऑक्सिजनवरच्या श्वसनाकडून ग्लायकोलिसिसकडे सरकला. एटीपी कुठून किती येतंय याची वाटणी बदलली, आणि ती कशी बदलत गेली हे काळानुसार मांडता आलं. गटानं याचा संबंध ट्रोग्लिटाझोनच्या विक्षिप्त वाटणाऱ्या दुष्परिणामाशी लावला. लाखो लोकांनी औषध घेतलं, बहुतेकांना काही झालं नाही, मोजक्यांचं यकृत गेलं. ज्यांची मायटोकाँड्रिया आधीच कशानं तरी कमकुवत आहेत, त्यांच्यात हा सततचा लहान ताण पुढे मोठा ठरत असेल, असा हा युक्तिवाद.

युक्तिवाद आकर्षक आहे. उलटतपासणी मात्र करायला हवी.

पहिला मुद्दा मात्रेचा. रोज ६०० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ट्रोग्लिटाझोनची कमाल पातळी मिलिलिटरला २.८ मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे साधारण ६ मायक्रोमोलर. त्यातलंही ९९ टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं. संवर्धनाच्या माध्यमात प्रथिनं कमी असली तर मोकळ्या औषधाचं प्रमाण फार वेगळं पडतं. 'निर्धोक मानलेली मात्रा' हा शब्दप्रयोग पेशींच्या जुन्या चाचण्यांच्या संदर्भात आहे, रुग्णाच्या रक्ताच्या संदर्भात नाही. हे न सांगता निष्कर्ष उद्धृत केला की तो उगाच सनसनाटी होतो. उलट बाजूही आहे: ट्रोग्लिटाझोन तेलकट स्वभावाचं आहे. चिपमध्ये पीडीएमएस हा सिलिकोन रबर असेल तर तो अशी औषधं शोषून घेतो आणि पेशींपर्यंत बाटलीवर लिहिल्यापेक्षा कमी पोचतं. दोन्ही चुका एकाच प्रयोगात असू शकतात आणि त्या एकमेकींना नेमक्या खोडतील असं मानायला काही आधार नाही.

दुसरा मुद्दा पेशींचा. प्रयोगात हेपजी-२ चीच सी३ए ही निवडक शाखा होती. तिचं वागणं मूळ मालिकेपेक्षा यकृताला जवळचं आहे आणि त्रिमितीय गोळ्यात ते आणखी सुधारतं. तरी औषधं मोडणारी विकरं या पेशींत निरोगी यकृतापेक्षा बरीच कमी असतात. माणसात ट्रोग्लिटाझोनचं मुख्य रूपांतर सल्फेटमध्ये होतं, आणि ते सल्फेट पित्तक्षार बाहेर टाकणाऱ्या पंपाला अडवतं हे इतर अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. मायटोकाँड्रियाची गोष्ट खरी असेल, पण ती एकटी नसावी. मायटोकाँड्रियाचं संरक्षण करणारं एक विकर जन्मतः निम्मंच असलेल्या उंदरांमध्ये ट्रोग्लिटाझोननं यकृताला इजा होते, असं २००७ मध्ये एका गटानं मांडलं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाला तसं आढळलं नाही. त्यामुळे या बाजूचा पुरावा अजून एकमुखी नाही.

तिसरा प्रश्न सगळेच विचारतात: हे उपकरण १९९६ मध्ये असतं तर औषध अडवलं असतं का? मला शंका आहे. परवानगीआधीच्या मानवी चाचण्यांतच ट्रोग्लिटाझोन घेणाऱ्या १.९ टक्के रुग्णांत एएलटी हे यकृतविकर वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त चढलेलं होतं. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण ०.६ टक्के होतं. इशारा माणसांच्या रक्तातून आलेला होता. त्याला पुरेसं वजन दिलं गेलं नाही. चिपवरच्या लॅक्टेटच्या आलेखाला ते दिलं गेलं असतं, असं म्हणायला धाडस लागेल. आलेखानं एक गोष्ट नक्की केली असती: त्या १.९ टक्क्यांमागे काय असू शकतं याला एक तपासता येण्याजोगं कारण पुरवलं असतं, आणि कोणत्या रुग्णांना धोका जास्त हे शोधायची दिशा दिली असती.

त्यानंतर

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झ्युरिकच्या गटानं लटकत्या थेंबांत वाढणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गोळ्यांपाशी ग्लुकोज आणि लॅक्टेटचे सेन्सर नेले. तिथे पंपाची लांब नळी नाही. सेन्सर थेंबाच्या छतालाच. जर्मनीत फ्रायबुर्गच्या गटानं यकृतपेशींच्या गोळ्यांचे ऑक्सिजन आणि लॅक्टेट सूक्ष्म इलेक्ट्रोडनंच मोजले. पुढे २०२२ मध्ये याच गटानं रुग्णाच्या स्तनकर्करोगातून घेतलेल्या पेशी जेलमध्ये वाढवून ऑक्सिजन, ग्लुकोज आणि लॅक्टेट हे तिन्ही एकाच चिपवर विद्युतरासायनिक पद्धतीनं पाहिले आणि डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं औषध दिल्यावर चयापचय कसा बदलतो ते टिपलं. जेरुसलेमच्या मांडणीत ऑक्सिजनसाठी जो प्रकाशाचा वळसा घ्यावा लागला होता, तो इथे लागला नाही. इलेक्ट्रोड पुरेसे लहान केले आणि त्यांची स्वतःची भूक हिशोबात धरली की ते जमतं.

नियमही बदलले. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा होऊन नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती निघाली. भारतानं मार्च २०२३ मध्ये नवी औषधं व वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवरच्या चाचण्या, अवयव-चिप आणि संगणकीय प्रारूपं यांना जागा दिली. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अवयव-चिपवर काम चालतं, आणि इथल्या औषध कंपन्यांकडून अशी आकडेवारी येऊ लागणं आता ओघानंच आलं.

अशी आकडेवारी तपासणाऱ्याच्या टेबलावर आली तर त्यानं आलेखाच्या वळणाआधी काही रुक्ष गोष्टी मागाव्यात. प्रत्येक सेन्सरचं कॅलिब्रेशन औषधाआधी आणि औषधानंतर, दोन्ही. विकर नसलेल्या कोऱ्या इलेक्ट्रोडचा प्रवाह, आणि तो पेशी नसलेल्या चिपमध्ये औषध सोडूनही घेतलेला. आत जाणाऱ्या माध्यमातलं ग्लुकोज आणि लॅक्टेट, बाटलीच्या लेबलावरून न घेता मोजलेलं. चिपमधून बाहेर पडणाऱ्या द्रवातली औषधाची प्रत्यक्ष मात्रा. प्रवाहाचा वेग आणि नळीतला उशीर. आणि गोळ्यांचा व्यास, सरासरी न देता सगळा पसारा, कारण दुपटीनं मोठा गोळा आतून आधीच गुदमरलेला असू शकतो, आणि मग लॅक्टेट वाढलेलं दिसेल ते औषधाविनाच.